पेडलचे खिळे

“...आणि मग अर्ध्या तासात पायच नाहीसे होतात, महाराज. असं का होतं?”

शार्दूल ओतूरकर मठाच्या ओट्याशी उभा राहून विचारत होता. नमस्कार त्याने प्रश्नाच्या मधोमध कधीतरी उरकून घेतला होता. पुण्याहून येणाऱ्या माणसाला घाई असते.

केवलगिरी महाराज ओट्यावर पाय पसरून बसले होते आणि तळव्यांना खोबरेल चोळत होते. सत्तरी कधीच ओलांडलेले महाराज हे काम रोज सकाळी पूजेइतकंच मन लावून करत.

“नाहीसे होतात म्हंजे?” त्यांनी विचारलं.

“बधीर होतात. आधी मुंग्या, मग तळव्यांची आग, मग काहीच नाही. खाली वाकून बघावं लागतं, पाय आहेत की गेले.”

“मग, असत्यात का?”

“असतात.”

“मग बरं हाय की,” महाराज म्हणाले आणि दुसऱ्या पायाकडे वळले.

शार्दूल हसला नाही. तो इंजिनिअर होता, आणि दुखण्यावर विनोद केलेला त्याला चालत नसे. निदान स्वतःच्या दुखण्यावर तरी.

त्याचं वाहन भिंतीला टेकून उभं होतं. एकच जाड चाक, त्याच्या दोन्ही अंगांना पाऊल मावेल एवढी दोन पेडलं आणि पोटात बॅटरी. सीट नाही, हँडल नाही. पेडलं म्हणायची, पण ती फिरत नाहीत. त्यांच्यावर उभं राहायचं, पुढे झुकलं की चाक पळतं, मागे झुकलं की थांबतं. लोक त्याला इलेक्ट्रिक युनिसायकल म्हणतात.

मठाचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या भागामावशी मघाशी ते बघून म्हणाल्या होत्या, “जातं उभं करून आणलंस व्हय रं?”

महाराजांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

“डाक्टरला दावलंस?”

“दाखवलं. पाय उत्तम आहेत म्हणाले.”

“बूट?”

“तिसरे घेतले. हे खास आहेत, घोट्यापर्यंत घट्ट बसतात.”

“मग माझ्याकडं कशापायी आलास? माझ्याकडं तर बूटच न्हाईत.”

शार्दूल ओट्याच्या कडेला टेकला आणि एकदाचं बोलला.

उद्या सकाळी पठारावरची लांब फेरी होती. दहा-बारा जण निघणार होते आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना त्यानेच चाकावर उभं राहायला शिकवलं होतं. त्यात साठीच्या एक डॉक्टरीणबाईही होत्या. मागच्या फेरीत शार्दूल मध्येच पडला आणि सामानाच्या गाडीत, पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी बसून परत आला.

“डॉक्टरीणबाई मला हात हलवून पुढे गेल्या,” तो म्हणाला. “ज्यांना मी खांद्याला धरून शिकवलं, त्या. मला लाज वाटते, महाराज. उद्या पुन्हा तसं झालं तर मी हे चाक विकून टाकणार आहे. घरी सांगूनच आलोय.”

“घरचे काय म्हणाले?”

“बायको म्हणाली, आजच विक.”

महाराजांना ते फार आवडलं. ते बराच वेळ मान डोलावत राहिले.

मग उठून चाकापाशी गेले, वाकले आणि पेडलवरून बोट फिरवलं. बोट पटकन मागे घेतलं.

“हे काय लावलंयस?”

“खिळे. बुटाचा तळ त्यात रुततो. पकड चांगली बसते.” शार्दूलचा आवाज जरा खुलला. या विषयावर तो बोलू लागला की समोरच्याची सुटका नसे. “साध्या पेडलवर पाय सरकतो, महाराज. खड्डा आला की चवडा उडतो. यावर पाय एकदा ठेवला की हलतच नाही. जिथे ठेवला तिथेच.”

“अर्धा तास तिथंच?”

“तास-दोन तास तिथेच!”

“आन् बुटाच्या आत बोटं काय करत्यात?”

“बोटं?” शार्दूल थबकला. “...बोटांचं काय? धरून ठेवतात.”

“खिळ्यांनी धरलेलं असताना?”

“सवयीने,” शार्दूल म्हणाला.

महाराज पुन्हा ओट्यावर येऊन बसले.

“पडलास तवा कुठला पाय आधी खाली आला?”

या प्रश्नाचं उत्तर शार्दूलने कुणालाच दिलं नव्हतं. त्याने अंगणाकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं.

“कुठलाच नाही,” तो म्हणाला. “मला उतरायचं होतं. पाय सुटलाच नाही. खिळ्यांत बूट अडकला आणि मी चाकासकट आडवा झालो.”

“बरं. मग घरी जाऊन काय केलंस?”

“...पकड आणखी हवी असं वाटलं.”

“म्हंजे?”

“लांब खिळे बसवले.”

महाराज हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, मावशी तांब्या घेऊन धावत आल्या आणि काय झालं ते कळल्यावर त्याही पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आतूनही बराच वेळ खुसखुस ऐकू येत होती.

शार्दूलचे कान लाल झाले. एवढ्या लांब येऊन हसं करून घ्यायला तो आला नव्हता. तो उठलाच.

“थांब,” महाराज म्हणाले. ओट्याखालच्या आपल्या खडावा त्यांनी पायानेच पुढे ढकलल्या. लाकडी तळ, पुढे अंगठ्याजवळ एक खुंटी, बस्स. पट्टा नाही, वादी नाही. “घाल. त्या चाफ्यापर्यंत जाऊन ये.”

“खडावा?”

“का? इंजिनिअरला चालत न्हाईत?”

शार्दूलने बूट काढले. लेस इतक्या ओढून बांधल्या होत्या की गाठ सोडवायला त्याला दात लावावे लागले. मोजे काढल्यावर घोट्यांभोवती लेसांची नक्षी उमटलेली दिसली. महाराजांनी ती नीट बघून घेतली.

त्याने खडावा घातल्या, खुंटी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत गच्च धरली आणि निघाला.

सुरुवात रुबाबात झाली. पण खडाव निसटेल या धास्तीने त्याने खुंटी आणखी आवळली, आवळल्यावर पोटरी ताठली, पोटरी ताठल्यावर गुडघा वाकेना. चाफा अजून लांबच होता. चेहरा असा झाला होता की मावशींनी खिडकीतून विचारलं, “इंचू चावला का काय?”

अर्ध्या वाटेत त्याच्या पायात गोळा आला आणि तो मटकन जमिनीवर बसला.

महाराज अनवाणीच त्याच्याजवळ गेले. त्याचा पाय मांडीवर घेतला आणि तेलकट हातांनी पोटरी चोळली. शार्दूल अवघडला. महाराजांनी आपले पाय धरावेत हे काही बरं नव्हतं, पण गोळा इतका जबर होता की तो नको म्हणाला नाही.

“खुंटी पळून चालली हुती का रं?” महाराजांनी विचारलं.

“निसटली असती.”

“मग?”

“मग... पडली असती पायातून.”

“आन् मग?”

शार्दूलने विचार केला. “पुन्हा घातली असती,” तो हळूच म्हणाला.

महाराजांनी त्याचा पाय खाली ठेवला, खडावा आपल्या पायांत अडकवल्या आणि चाफ्याकडे निघाले. खट, खट, खट. टाच लाकडावरून उचलली जायची आणि पुन्हा टेकायची. वाटेत त्यांच्या डाव्या पोटरीला खाज आली असावी. चालता चालता ते थांबले, उजवा पाय खडावेतून बाहेर काढला, त्याच्या अंगठ्याने पोटरी मनसोक्त खाजवली, पाय परत खडावेत घातला आणि पुढे गेले. खाली एकदाही बघितलं नाही.

शार्दूल जमिनीवर बसून बघत राहिला. ते चाफ्याला वळसा घालून परत आले तरी तो त्यांच्या पायांकडेच बघत होता.

“पुन्हा एकदा खाजवून दाखवा,” तो म्हणाला.

“आता खाज न्हाई,” महाराज म्हणाले.

शार्दूल उठला आणि सॅकमधून पाना काढून पेडलपाशी बसला. एक खिळा सैल केला. मग थांबला.

“सगळेच काढून टाकू का, महाराज?”

“माझी खुंटी मी काढलीय का?”

शार्दूलने लांब खिळे काढले आणि सॅकमध्ये पडून असलेले जुने आखूड बसवले. बूट घातले. लेस बांधताना सवयीने ओढली आणि मग त्याची त्यालाच जाणीव होऊन सैल केली. हेल्मेट चढवलं, चाक अंगणाच्या मधोमध आणलं, एक पाय पेडलवर ठेवला, दुसऱ्याने रेटा दिला आणि निघाला.

पहिल्या फेरीत त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते. महाराज ओट्यावरून त्याच्याशी गप्पा मारत होते. डॉक्टरीणबाई कुठल्या? त्यांचं चाक ह्याच्यापेक्षा मोठं का बारकं? बायको खरंच विक म्हणाली का नुसतंच? शार्दूल फिरता फिरता उत्तरं देत होता. उत्तरं देताना खांदे उतरले. एकदा त्याने डावी टाच जराशी बाहेर सरकवली. मग उजवा चवडा थोडा पुढे घेतला. एकदा बूट चक्क पेडलवरून उचलला, हवेतच झटकला आणि परत ठेवला. चाक जरा डुललं, सावरलं आणि चालत राहिलं.

“अहो, उचलता येतो!” तो ओरडला. लहान मुलासारखा आनंद झाला होता त्याला.

“माझं सारवलेलं अंगण!” आतून मावशी ओरडल्या. चाकाने सकाळच्या सारवणावर भलंमोठं वर्तुळ काढलं होतं.

“फिरू दे गं,” महाराज म्हणाले. “उद्या परत सारव.”

चहा झाला, निवला, मावशींनी तो पुन्हा तापवला. शार्दूल फिरतच होता. शेवटी ओट्यापाशी आला आणि उतरला. कसा उतरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. आधी एक पाय जमिनीवर आला, मग दुसरा आला, आणि चाक शेजारी उभं राहिलं.

त्याने चहा घेतला. नमस्कार केला, या वेळी नीट वाकून. चाक उचललं. फाटकापर्यंत गेला आणि तिथे घुटमळला.

महाराज वाट बघत होते.

“महाराज...”

“हं.”

“आणि उद्या तरीही पडलो तर?”

सकाळपासून तो पायांबद्दल विचारत होता. विचारायचं होतं ते हे.

महाराजांनी तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं.

“पठारावर रस्ता कसा हाय?”

“सपाट आहे. चांगला आहे.”

“पडलास तर कुठं पडशील?”

“रस्त्यावरच.”

“मग जा निवांत,” महाराज म्हणाले. “रस्त्याच्या खाली अजून कुणी पडलेलं न्हाई.”