चानकी निघाली सहलीला

एक होती खार. एवढीशी. शेपटी मात्र झुपकेदार, म्हणून तिचं नाव झुपकी.

झुपकी राहायची शेवग्याच्या झाडावर. झाडासमोर एक खिडकी. खिडकीत एक ताटली. ताटलीत रोज सकाळी एक चानकी.

चानकी म्हणजे काय? कणकेचा शेवटचा एवढासा गोळा उरतो ना, त्याची चिमुकली पोळी. या घराची रीतच होती. शेवटची चानकी खारीची.

आज झुपकी आली. तुरुतुरु, तुरुतुरु. बघते तर काय? ताटली रिकामी. झुपकीला धक्काच बसला. शेपटी फुलली, फुर्रर्र.

घरात नुसती धावपळ. आज छोट्या रेवाची शाळेची सहल होती. तळ्यावरचे पक्षी बघायला जायचं होतं. गडबडीत आईनं केलं काय? डब्यात पुऱ्या भरल्या. पुऱ्यांवर झुपकीची चानकीही भरली. झाकण लावलं, टप्प. डबा गेला सॅकमध्ये.

"माझी चानकी सहलीला निघाली," झुपकी म्हणाली. "मग मी खाऊ काय?"

तुरुतुरु, तुरुतुरु. झुपकी गेली आईकडे.

"आई गं आई,
डबा उघड, चानकी दे."

आई मोठ्यांच्या पोळ्यांची कणीक मळत होती. कोपरापर्यंत पीठ.

"डबा सॅकमध्ये, हात कणकेत," आई म्हणाली. "बाबा सॅक उघडतील, तर मी डबा उघडीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. झुपकी गेली बाबांकडे. बाबा पलंगाखाली! नुसते पाय बाहेर. शेपटी फुलली, फुर्रर्र.

"बाबा हो बाबा,
आई डबा उघडेना,
मी चानकी खाऊ कशी?"

"एक मोजा आहे, एक नाही," पाय म्हणाले. म्हणजे बाबाच म्हणाले. "दुसरा मोजा निघेल, तर मी सॅक उघडीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. झुपकीनं मोजा शोधला. खुर्चीवर बोका. बोक्याच्या पोटाखालून मोज्याचं टोक दिसत होतं.

"मोज्या रे मोज्या,
बाबा सॅक उघडेनात,
आई डबा उघडेना,
मी चानकी खाऊ कशी?"

"मी पार चपटा झालोय," मोजा म्हणाला. "बोका उठेल, तर मी निघेन."

बोका केवढा, झुपकी केवढी! तरी झुपकी म्हणाली,

"बोकोबा हो बोकोबा,
मोजा निघेना,
बाबा सॅक उघडेनात,
आई डबा उघडेना,
मी चानकी खाऊ कशी?"

बोक्यानं एकच डोळा उघडला. "बशीत दूध नाही, तर मी उठत नाही. आजोबा दूध ओततील, तर मी उठेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. झुपकी गेली आजोबांकडे. आजोबा पातेलं घेऊन उभे. खाली बशी. शेजारी रेवाचा बूट. आणि पातेलं कुठे वाकलं? बुटावर! शेपटी फुलली, फुर्रर्र.

"आजोबा हो आजोबा, तो बूट आहे.
बोका उठेना,
मोजा निघेना,
बाबा सॅक उघडेनात,
आई डबा उघडेना,
मी चानकी खाऊ कशी?"

आजोबांनी पातेलं सरळ केलं. "बरं झालं बाई, सांगितलंस. चष्मा नाही, तर बशी दिसत नाही. चष्मा मिळेल, तर मी दूध ओतेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. चष्मा देवघरात नाही. टीव्हीवर नाही. पेपराखाली नाही. आतल्या खोलीत एक गोधडी होती. गोधडीतून काहीतरी चमकलं, चम् चम्.

"चष्म्या रे चष्म्या,
आजोबा दूध ओतेनात,
बोका उठेना,
मोजा निघेना,
बाबा सॅक उघडेनात,
आई डबा उघडेना,
मी चानकी खाऊ कशी?"

"मी रेवाच्या नाकावर अडकलोय," चष्मा म्हणाला. "लांबचे पक्षी दिसावेत, म्हणून तिनं मला घालून ठेवलंय. रेवा उठेल, तर मी उतरेन."

रेवा उठेल?

झुपकीनं गोधडीत डोकावलं. घुर्रर्र, घुर्रर्र. रेवा झोपलेली! शेपटी फुलली, फुलली, अंगाहून मोठी झाली.

आई जागी. बाबा जागे. आजोबा जागे. कुकरसुद्धा जागा. आणि जिची सहल, तीच झोपलेली. आईला वाटलं, बाबांनी उठवलं. बाबांना वाटलं, आजोबांनी उठवलं. आजोबांना वाटलं, आईनं उठवलं. उठवलं कुणीच नाही.

तेवढ्यात कोपऱ्यावर बस आली. पोंऽऽ पोंऽऽ.

"रेवा गं रेवा,
चष्मा उतरेना,
आजोबा दूध ओतेनात,
बोका उठेना,
मोजा निघेना,
बाबा सॅक उघडेनात,
आई डबा उघडेना,
मी चानकी खाऊ कशी?"

रेवानं कूस बदलली. घुर्रर्र.

पोंऽऽ पोंऽऽ.

आता काय करावं? झुपकीला फार वाईट वाटलं. चानकी जाईल, आणि रेवा राहील. मग तिनं आपली झुपकेदार शेपटी रेवाच्या नाकाखाली नेली. गुदगुली, गुदगुली.

आऽऽक्छीं!

रेवा उठली ताडकन.
चष्मा उतरला टुणकन.
आजोबांनी दूध ओतलं, गळगळगळ. बशीतच, बुटात नाही.
बोका उठला, चप् चप् चप्.
मोजा निघाला, सुळ्ळकन.
बाबांनी सॅक उघडली, झुर्रर्र.
आईनं हात धुतले, डबा उघडला, टप्प.

आणि पुऱ्यांवर काय होतं? चानकी!

आईनं चानकीकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. दारात रेवा उभी. विस्कटलेले केस, झोपेचा फ्रॉक, पायात काहीच नाही.

"अगंबाई," आई म्हणाली, "ही अजून उठलीच नव्हती?"

बाबा बघतच राहिले. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. हो, रेवाच ती.

मग एकच धांदल उडाली. बाबा धावले, बस थांबवून आले. आईनं रेवाला गणवेश घातला. बाबांनी मोजे चढवले. आजोबांनी वेणी घातली. वेणी वाकडी झाली, पण झाली. सॅक पाठीवर चढली.

आणि रेवा दाराकडे पळायची, ती आधी खिडकीकडे पळाली. चानकी तिनं स्वतःच्या हातानं ताटलीत ठेवली. मग गेली. पोंऽऽ पोंऽऽ, बस सुटली.

घर एकदम शांत झालं. आईनं खिडकीत बसून चहा घेतला. पलीकडे झुपकी बसली. कुटुकुटु, कुटुकुटु.

"झुपके," आई हळूच म्हणाली, "तू नसतीस ना, तर सॅक गेली असती सहलीला आणि रेवा राहिली असती घरी."

झुपकीचं तोंड भरलेलं. शेपटी मात्र फुलली, फुर्रर्र.

चानकी गेली पोटात, गोष्ट गेली डब्यात, झाकण लावलं टप्प. आता तुम्ही झोपा. उद्या कुणी उठवायचं, ते मात्र आधी ठरवा.