साळिंदरीण आणि कोपऱ्यातलं रोप

जंगल संपून माळ सुरू होतो, तिथल्या एका उतारावर एक साळिंदरीण आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. तिचा बटाट्याचा मळा होता. खोड मात्र तिला एकच. कुठल्याही गोष्टीला "असं का?" म्हणून विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

सलग तिसऱ्या वर्षी मळा पिवळा पडला. रोपांनी माना टाकल्या. पुढच्या वर्षीही असंच झालं, तर पिल्लांना घेऊन तो उतार सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेजारीपाजारी धावून आले. "मावशी, पाणी कमी पडलंय," ससा म्हणाला. "छे! दृष्ट लागलीय, दृष्ट!" कोल्ह्याने छातीठोकपणे सांगून टाकलं. घुशीने मात्र एक रोप उपटून मुळं दाखवली. त्यांना खसखशीहून बारीक असे पिवळे दाणे चिकटले होते. "ताई, या किड्यांच्या पिशव्या. आत अंडी ठासून भरलेली असतात. वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात आणि बटाट्याच्या मुळाचा सुगावा लागला की जाग्या होतात." साळिंदरिणीने विचारलं, "मग उपाय काय?" घूस म्हणाली, "ठाऊक असता तर आधीच सांगितला नसता का?"

सगळे मेलेल्या रोपांभोवती हळहळत बसले. आणि मुलांनो, मळ्याच्या कोपऱ्यात एक ठेंगणं, वेडंवाकडं रोप हिरवंगार उभं होतं, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही! बरं असणाऱ्याची चौकशी करतो कोण? साळिंदरीण मात्र तिथे गेली. "सगळी गेली, मग तूच कसं रे राहिलंस?" असं म्हणत तिने हलक्या हाताने माती बाजूला केली. किडे इथेही पोचले होते. पण मुळाला जिथे त्यांनी तोंड लावलं, तेवढीच जागा सुकून गेली होती आणि किडे उपाशी मेले होते. पिवळा दाणा एकही नव्हता.

त्या रोपाखाली सात बटाटे निघाले. "आई, दे ना गं खायला!" पिल्लं मागे लागली. तरी तिने पिल्लांना झाडांच्या साली आणि रानातले कंद खाऊ घातले, स्वतः अर्धपोटी राहिली, पण सातही बटाटे बियाण्याला ठेवले. लागवडीच्या दिवसांत ती ते घेऊन त्याच रोगट मळ्यात आली, तेव्हा ससा ओरडलाच, "अहो मावशी, वेड लागलंय का? निदान चांगल्या मातीत तरी लावा!"

"चांगल्या मातीत काय, कुठलंही रोप जगेल," साळिंदरीण म्हणाली. "मला बघायचंय ते हे इथे जगतं का." बियाणं तर एवढंच होतं. मग कितीतरी दिवस ती रोज सकाळी मळ्यात जाऊन एकेक पान न्याहाळत बसे. पण एकही पान पिवळं पडलं नाही. काढणीला पिल्लांच्या दोन्ही मुठी भरल्या, तेव्हा तिला रडूच फुटलं. बातमी ऐकून कोल्हा पळत आला. "वहिनी, कुठलं औषध घातलंत हो?"

"औषध कसलं, भावोजी! तुम्ही सगळे मेलेल्यांपाशी बसला होतात. मी जगलेल्याला विचारलं."

तात्पर्य : संकटात कोण बुडालं एवढंच पाहू नये, कोण तरलं आणि कसं, हेही शोधावं.