चोरदिंडीवरचा पहारेकरी

“मग नाव देणार की नाही, उस्ताद?”

सौमित्रनं पुन्हा विचारलं. उस्ताद शौकत मुजावर बशीत चहा ओतत होते, आणि चहा ओतताना ते बोलत नसत.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत, भावाच्या कारखान्यावरच्या खोलीत त्यांचा मुक्काम. खाली दिवसभर कानस चाले, मधूनच कुणी तार छेडून बघे. घराण्याचा धंदा वाद्यांचा. शौकतभाईंनी मात्र तरुणपणी कॉम्प्युटरचा नाद लावून घेतला आणि याच खोलीत बसून एक खेळ बनवला. ‘चोरदिंडी’. किल्ल्यात शिरलेल्या एका हेरानं बातमी घेऊन चोरदिंडीतून, म्हणजे तटाच्या लपलेल्या दारातून, बाहेर पडायचं. अंधारात दबा धरायचा, पाऊल वाजू द्यायचं नाही. कमरेला कट्यार असते. ती उपसायची की नाही, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं.

खेळ बाजारात आला तेव्हा लोकांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. एका मासिकानं लिहिलं, ‘हा खेळ नव्हे, लपून बसण्याची शिक्षा आहे.’ दुसऱ्यानं आणखी बारकाईनं वाभाडे काढले: ‘शेवटच्या दारावरचा पहारेकरी कधी मध्येच पाठ फिरवून उभा राहतो, कधी राहत नाही. बनवणाऱ्यालाच आपला हिशेब जमलेला नाही.’

उस्तादांनी कुणालाच उत्तर दिलं नाही.

मग खेळ पोरांच्या हाती लागला. या डिस्कवरून त्या डिस्कवर, या कॅफेतून त्या कॅफेत पसरला. पोरांनी जे डोक्यावर घेतलं ते शहाण्यांना खाली ठेवता येईना, आणि ज्यांनी नावं ठेवली होती तेच त्याला या जातीच्या खेळांचा आजोबा म्हणू लागले. तो पहारेकरी तेवढा सगळ्यांना खटकत राहिला. एवढ्या चांगल्या कामात एक चूक चालायचीच, असं म्हणून लोकांनी मोठ्या मनानं माफ केलं. माफ करायला पैसे पडत नाहीत.

सौमित्र आळतेकर हा उस्तादांचाच चेला. शाळेत असताना या खेळानं वेडा झाला, कॉलेजच्या वयात या खोलीत येऊन शिकला, आणि आता पुण्यात त्याची स्वतःची कंपनी होती. जुन्या खेळाचा मूळ कोड केव्हाच हरवला होता. त्यानं नुसता बघून बघून तो नव्यानं बांधला. चित्र असं झालं होतं की तटावरचं गवत हाताला लागेल. पैसे लावणाऱ्यांची अट एकच होती: नाव ‘चोरदिंडी’च हवं. आणि नाव होतं उस्तादांचं. ते मिळालं नाही तर वरात दारात उभी आणि नवरदेवाचा पत्ता नाही, अशी गत. कंपनी बंदच करावी लागली असती, आणि त्याच्या भरवशावर नोकऱ्या सोडून आलेली पोरं घरी गेली असती.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“खेळून बघू की आधी.”

सौमित्रनं लॅपटॉप पुढे सरकवला. उस्ताद चहा पीत तसेच खेळले. सावकाश, प्रत्येक घोटाला थांबत. पागा ओलांडली. अंबारखान्याच्या सावलीतून गेले. एकदाही कट्यारीला हात लावला नाही.

शेवटची दिंडी आली. मशालीखाली पहारेकरी येरझारा घालत होता. उस्ताद भिंतीच्या काळोखात बसले... आणि बसूनच राहिले.

“दगड फेका, उस्ताद. तो आवाजाकडे जातो.”

उस्तादांनी दगड उचलला नाही.

“नाहीतर मागून एक वार. झटक्यात होतं.”

उस्ताद पडद्याकडे बघत होते.

“हा थांबत नाही रे.”

“नाही.” सौमित्रची छाती नाही म्हटलं तरी फुगली. “ती चूक मी काढली. आधी ज्यांना खेळायला दिला ना, त्यांनी सगळ्यात जास्त याचंच कौतुक केलं. म्हणाले, शेवट आता कुठे शेवटासारखा झाला.”

“चूक.”

“म्हणजे... तुमची असं नाही म्हणत मी. त्या काळची यंत्रंच तशी...”

“असू दे, असू दे.”

ते उठले. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचं फडकं काढलं आणि बटण दाबलं. यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं. मग जुनी ‘चोरदिंडी’ आली. रंग विटलेले, गवत नावालाच.

“बस.”

सौमित्र बसला. बोटांना वाट पाठ होती. खेळता खेळता तो म्हणाला, “उस्ताद, एक सांगू? या किल्ल्यात मला आजवर कुणी पाहिलेलं नाही.”

“कुणीच?”

“कुणीच. मारलंही नाही मी कुणाला, गरजच पडली नाही. शाळेत असल्यापासून.”

“वा.”

त्या ‘वा’मध्ये कौतुक होतं की दुसरं काही, हे सौमित्रला कळलं नाही. कळेल तर शिष्य कसला.

दिंडी आली. तो सवयीनं भिंतीच्या काळोखात सरकला आणि पहारेकरी थांबायची वाट बघू लागला.

“उजेडात ये,” उस्ताद म्हणाले.

“काय?”

“मशालीखाली. त्याच्या पुढ्यात उभा राहा.”

“धरेल ना तो!”

“धरू दे.”

सौमित्रचा हात अडला. लपाछपीत ज्याच्यावर राज्य आहे त्याच्यापुढे आपणहून जाऊन कोण उभं राहतं? इतक्या वर्षांत हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. लपायच्या खेळात लपायचं नाही, असं कुणाच्या मनात येणार? पण सांगणारे उस्ताद होते. तो उजेडात आला.

पहारेकरी चालत आला. हेरासमोर थांबला. चांगला रोखून बघितलं त्यानं. भाला अर्धा खाली आला...

आरोळी उठली नाही. नगारा वाजला नाही.

पहारेकऱ्यानं भाला पुन्हा खांद्याला लावला. मग सावकाश वळला आणि पाठ करून, तटाच्या दगडांकडे तोंड करून उभा राहिला.

खाली कारखान्यात कुणीतरी तार छेडली, पुन्हा छेडली, आणि सोडून दिली.

“आता पहिल्यापासून,” उस्ताद म्हणाले. “या खेपेला वाटेत एकाला मार.”

सौमित्रनं पागेपाशी पेंगणाऱ्या एका शिपायाला कट्यार मारली. हात जरा जडच झाला होता. पुढे शेवटच्या दिंडीशी काळोखात श्वास रोखून थांबला. पहारेकरी आला, गेला. आला, गेला. थांबला नाही. सौमित्र उजेडात येताच त्यानं आरोळी ठोकली आणि सगळा किल्ला जागा झाला.

सौमित्रचे हात मांडीवर आले.

“तो... बघायचा?”

उस्तादांनी मान हलवली.

“दर वेळी बघायचा? मी काळोखात असलो तरी?”

“पाऊल थोडं वाजतंच की रे. कितीही जपलं तरी.”

सौमित्रला एकदम कदमबाई आठवल्या.

इचलकरंजीच्या शाळेत, गणिताच्या तासाला, तो मागच्या दारानं सटकायचा. याच खेळापायी. दप्तर बाकावर ठेवायचं, वाकत वाकत शेवटच्या रांगेमागून जायचं, की बाहेर. कदमबाईंची पाठ असायची, त्या फळा पुसत असायच्या. पुसलेला फळा त्या पुन्हा पुसायच्या. आपण किती हुशार, वर्गातून निघून जातो आणि बाईंना पत्ता नाही, ही गोष्ट त्यानं पुढे किती जणांना रंगवून सांगितली होती. मुलाखतीतसुद्धा सांगितली होती. लोक हसले होते.

परीक्षेच्या आधी त्याच बाईंनी त्याला घरी बोलावून सगळी उदाहरणं पुन्हा समजावली होती. ‘तुझा हा भाग बुडाला असेल’, एवढंच म्हणाल्या होत्या. कशामुळे बुडाला, ते विचारलं नव्हतं.

बाईंचा विचार मनात आला तसे आणखी कोण कोण येऊ लागले. ज्यांनी पाहिलं होतं आणि तोंड दुसरीकडे केलं होतं, अशी माणसं. त्यातल्या एकाचेही त्यानं आभार मानले नव्हते. मानणार कसे, त्याला माहीतच नव्हतं. आता त्याला त्या सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पुढ्यात उस्तादच होते म्हणून तो त्यांच्या पाया पडला.

“हे काय मध्येच?” उस्ताद म्हणाले. “ऊठ. चहा निवला तुझा.”

सौमित्रनं डोळे पुसले. लॅपटॉप मिटला.

“नावाचं राहू द्या, उस्ताद. आज नको. आधी त्या पहारेकऱ्याला परत पहिल्यासारखा उभा करतो.”

“पैसेवाले काय म्हणतील?”

“ओरडतील.”

“आणि ते लिहिणारे?”

“पुन्हा चूक म्हणतील.” सौमित्रला हसू आलं. “म्हणतील, आळतेकरलाही हिशेब जमला नाही.”

“मग?”

“म्हणू देत.”

उस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. त्या खोलीत तो शिकत होता तेव्हाही त्यांनी त्याच्याकडे असं क्वचितच बघितलं असेल.

“नाव घेऊन जा,” ते म्हणाले. “कागद काय असेल तो पाठव, सही करतो.”

कंपनी वाचली होती, पोरं वाचली होती, पण त्या घडीला सौमित्रचं मन तिथं नव्हतंच. तो जुन्या पडद्याकडे बघत होता. तिथं नगारा अजून वाजत होता. त्यानं हात पुढे करून तो बंद केला.

जिन्यापर्यंत गेला आणि मागे वळला.

“उस्ताद, एक राहिलं. लोकांनी तुम्हाला नाही नाही ते म्हटलं. अडाणी म्हटलं, हिशेब येत नाही म्हटलं. तुमचा काहीच दोष नव्हता. एका ओळीत सांगितलं असतंत, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. का नाही सांगितलंत?”

उस्ताद जुन्या कॉम्प्युटरवर फडकं घालत होते. ते नीट चारी बाजूंनी ओढून घेतलं...

“आणि त्या पहारेकऱ्याची नोकरी गेली असती, ती?”