सवय लागेपर्यंत

देवकोंडच्या दिवाणजींनी गांजाभांगेवर बंदी घातली, ती वैद्यांच्या बरण्यांनाही टाळं ठोकून. बंदी राहावी की उठावी, यावर राजेसाहेबांपुढे दरबारात खल चालला. कोणी म्हणे पोरं बिघडतात, कोणी म्हणे शंकराचा प्रसाद आहे. दाराशी ताटकळलेली गोजरा कोष्टीण शेवटी पुढे झाली.

“सरकार, ह्यांच्या पोटात गाठ आहे. वैद्यबुवांची भांगेची गोळी होती तोवर झोप लागायची. सकाळी दोन घास खायचे आणि आमटीत मीठ कमी म्हणून माझ्यावर खेकसायचे. आता नुसते कण्हतात. ते खेकसणं ऐकायला कान आसुसलेत माझे.”

दिवाणजींनी मिशीला पीळ भरला. “आज औषध म्हणून घेईल, उद्या सवय लागेल. मग?”

गोजरानं हात जोडले. “सवय लागायला वर्षं जावी लागतात, दिवाणजी. तेवढी वर्षं ते जगतील, असा हुकूम काढा. मग ती सवय मी सोडवते.”

दिवाणजींची मान खाली गेली, आणि राजेसाहेबांनी बरण्यांची टाळी काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी आमटीचा घास घेऊन नवरा पुटपुटला, “मीठ कमी आहे.”

स्वच्छ ऐकू आलं होतं, तरी गोजरा म्हणाली, “काय म्हणालात? पुन्हा सांगा.”