पान दोनशे बारावरचं धुकं

विषय : ‘चार नंबरची टेकडी’ या ग्रंथास प्रस्तावना मिळणेबाबत.

अर्जदार : मेजर जनरल उदाजीराव खानविलकर (निवृत्त). पूर्वी लढाया लढत, हल्ली लिहितात.

अर्ज कोणाकडे : त्यांच्याच पलटणीचे जुने धर्मगुरू नीलकंठशास्त्री. हल्ली मुक्काम डोंगरावरचं शिवालय.

“किती दाट होतं म्हणालात धुकं?” शास्त्रीबुवांनी विचारलं.

“हाताला हात दिसत नव्हता, पंडितजी. पान दोनशे बारा.”

नुकतं उजाडत होतं. जनरलसाहेब देवळाच्या पायरीवर टेकले होते. गुडघे आता हुकूम मानत नव्हते; आवाज मात्र अजून कवायतीच्या मैदानावरचा.

शास्त्रीबुवांनी चष्मा पुसून हस्तलिखितातलं ते सुटं पान वाचलं. ‘दाट धुक्यामुळे माघारीचा हुकूम चाळीस मिनिटं उशिरा देण्यात आला. अकरा जवान धारातीर्थी पडले.’

“अकराही जणांचे मंत्र मीच म्हटले,” ते म्हणाले.

“म्हणून तर प्रस्तावना तुमची हवी. तुम्ही लिहिलंत की कुणी शंका घेणार नाही.”

“धुक्याला पुरावा?”

“तळटीप आहे ना! पलटणीची युद्धडायरी.”

“ती कोण लिहायचं?”

“...मीच.”

शास्त्रीबुवा हसले नाहीत. हसले असते तर साहेबांना बरं वाटलं असतं.

“साहेब, सूर्य दिसल्याशिवाय मी अर्घ्य देत नाही. अर्घ्याशिवाय चहा नाही. धुकं पडलं की माझा चहा दुपारवर जायचा. अख्खी पलटण थट्टा करायची.”

“तुम्हाला ‘उपाशी पंडित’ म्हणायचे.”

“माघारीच्या त्या सकाळी मात्र वेळेवर प्यालो. तुमच्याच खंदकात. साखर तुम्ही घातलीत... जास्त.”

साहेब वहाणेचा बंद चाचपत राहिले.

“टेकडी सोडवत नव्हती, पंडितजी.” आवाजातलं मैदान संपलं होतं. “वाटलं, अजून थोडं टिकू. पण आता तीस वर्षांनी हे लिहून काय व्हायचंय? अकरा घरांत धुकंच सांगितलंय मी. स्वतः जाऊन.”

समोरच्या डोंगरामागून सूर्य वर आला.

शास्त्रीबुवांनी पाण्याचा तांब्या साहेबांच्या हातात दिला. साहेब पायरी धरून उठले. पाण्याची धार पूर्वेला सोडताना त्यांचे डोळे दिपले.

“दिसतोय?”

“...दिसतोय.”

“त्या सकाळीही दिसत होता. मग तशी घाला तळटीप.”

साहेब पान दोनशे बारा घेऊन डोंगर उतरले. अर्ज प्रलंबित आहे.