हातातून सुटेल अशी वस्तू

एकदा एका लेकीच्या मनात आईविषयी भय शिरले, आणि शिरले ते तिथेच मुक्काम ठोकून बसले. लेकीचे नाव चारुशीला. वय पन्नाशीपलीकडे, शाळेत गणित शिकवायची. नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावी तिचा संसार होता. आई दूरच्या गावात, दोन खोल्यांच्या बैठ्या घरात एकटी राहत होती. "माझं घर मला पुरे, तुझं तुला लखलाभ," असे म्हणून तिने लेकीकडे यायचे कधीच टाळले होते.

भयाला कारणही तसेच घडले होते. एका सकाळी चारुशीलेने फोन केला, तो वाजून वाजून थांबला. पुन्हा केला, पुन्हा तेच. शेवटी शेजारच्या वहिनी जाऊन पाहतात तो आई मोरीत पडलेली, लुगडे ओलेचिंब, आणि फोन बाहेर खिडकीत. ऐकू कमी येते, त्यामुळे वाजलेलाही कळला नव्हता. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "ह्या वेळी मुका मार आहे. थोडक्यात निभावलं. पुढच्या वेळी खुबा मोडला, तर ह्या वयात माणूस अंथरुणातून उठेलच असं सांगता येत नाही."

हे वाक्य चारुशीलेने ऐकले आणि तिची झोप गेली. फळ्यावर समीकरण लिहितानाही तिच्या कानात फोनची घंटा वाजत राही. पहाटे जाग आली की पहिला विचार हाच, आज ती उचलेल ना? उचलला की छातीवरचा दगड उतरे, आणि फोन ठेवताच पुन्हा येऊन बसे. भीती बाळगणाऱ्यालाच ठाऊक असते, की ती एका दिवसापुरती कधी येत नाही.

कोणीतरी सुचवले, आईला एक टॅब घेऊन द्या. पडदा मोठा असतो, अक्षरे मोठी करता येतात, रोज तोंड दिसते, आवाजही मोठा. चारुशीला लगेच दुकानात गेली. दुकानदाराने आधी एक जाडजूड, स्वस्तातला टॅब काढून ठेवला. कडेने रबर, आवाज खणखणीत, बटणे ठसठशीत. चारुशीलेने तो हातात घेतला. सोय सगळी होती. पण मग दुकानदार म्हणाला, "ताई, आईसाठी घेताय ना? मग स्वस्तातलं कशाला बघता? आई काय दोन-दोन असतात?" आणि त्याने काचेच्या कपाटातून दुसरा काढला. विड्याच्या पानासारखा पातळ, चकचकीत, पाहताक्षणी डोळे दिपवणारा.

आता सांगा, असे कोणी म्हटल्यावर कुठल्या लेकीचा हात स्वस्ताकडे जाईल? आपल्याकडे प्रेम मोजायचे एक माप ठरलेले आहे, आणि ते माप दुकानदाराला आपल्यापेक्षा बरे ठाऊक असते. चारुशीलेने पातळ टॅब घेतला. आईला देताना ती सांगून बसली, "आई, जपून हं. फार महाग आहे."

आईने जपले. कसे जपले! नवी वस्तू म्हणून आधी हळदकुंकू लावले, मग क्रोशाचे आवरण विणले. टीव्हीचा रिमोट ती पिशवीतून बाहेर काढत नसे आणि चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी राखून ठेवायची. तिच्या हाती एवढी मोलाची वस्तू आली, मग काय विचारता! रोज सकाळी चारुशीलेचा चेहरा उमटला की आई टॅब दोन्ही हातांत धरी, नैवेद्याचे ताट धरावे तसा, आणि उजेडासाठी स्वयंपाकघरापर्यंत चालत जाई.

चारुशीला दर रविवारी आपल्या गुरुजींकडे संस्कृत वाचायला जात असे. गुरुजी ऐंशीच्या घरातले, घाटालगतच्या घरात राहणारे. पहिलीत असताना तिच्याकडून मुळाक्षरे गिरवून घेणारे तेच, आणि आता उपनिषदे समजावणारेही तेच. त्या रविवारी त्यांनी विचारले, "आई कशी आहे गं?"

"बरी आहे, गुरुजी. रोज दिसते आता. आणि टॅब इतका जपते, की मलाच कौतुक वाटतं. दोन्ही हातांत धरून चालते. काठी मुद्दाम दाराशी ठेवते, एका हातानं टॅब सुटला तर, म्हणून."

 गुरुजींचे पुस्तकाचे पान उलटायचे राहून गेले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी येताना तो टॅब घेऊन ये. मला बघायचाय."

पुढच्या रविवारी चारुशीला टॅब घेऊन आली. अक्षरे आणखी मोठी करून आणते, असे आईला सांगून तो आणला होता. गुरुजींनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "चल, घाटावर जाऊन येऊ."

घाटावर पावसाळ्याचे शेवाळ अजून वाळले नव्हते. पायऱ्या हिरव्याकंच, आणि पायाखाली साबण लावल्यासारख्या. कडेने लोखंडी साखळी होती. वरच्या पायरीवर गुरुजींनी चपला काढल्या, काठी भिंतीला टेकवली, आणि टॅब दोन्ही तळव्यांत धरून ते एकटेच खाली उतरू लागले.

चारुशीलेने वरून हाक मारली, "गुरुजी, काठी! गुरुजी, कुठे चाललात?"

गुरुजी मागे वळले नाहीत. ते एकेक पायरी सावकाश उतरत होते. खाली एक बाई कपडे धूत होती, तीही धोपटणे थांबवून पाहू लागली. चारुशीलेला पुढे जावेसे वाटत होते, पण आपण धावलो आणि ते दचकले तर? तेवढ्यात त्यांचा पाय सरकला.

आणि चारुशीलेच्या तोंडून शब्द फुटले, "गुरुजी, टॅब! टॅब सांभाळा!"

गुरुजी धप्पकन पायरीवर बसले. कोपर दगडावर आपटले. टॅब मात्र डोक्याच्या वर, दोन्ही हातांत सुखरूप. खालच्या बाईने धावत येऊन त्यांचा दंड धरला म्हणून बरे, नाहीतर ते पाण्यापर्यंत गेले असते. "अहो आजोबा, साखळी धरायची की हो! शेजारी तर होती," ती म्हणाली.

चारुशीला पायऱ्या उतरून खाली पोहोचली. गुरुजींनी तिच्यापुढे टॅब केला. "घे. शाबूत आहे." त्यांच्या कोपरातून रक्त येत होते.

तिने टॅब घेतला, आणि आपण काय ओरडलो ते तिला आठवले. लाजेने तिचे तोंड काळवंडले. ज्यांच्या मांडीवर बसून अक्षर शिकली, ते घसरत होते, आणि तिने हाक मारली ती वस्तूसाठी.

"गुरुजी, तुम्ही मुद्दाम पडलात?"

"उतरलो मुद्दाम," गुरुजी म्हणाले, "घसरलो मात्र खराखुरा. म्हणून तर आता बोलतोय." त्यांनी श्वास घेतला आणि हळू आवाजात सांगू लागले, "तुला माझी काळजी नाही, असं मी कधी म्हणणार नाही. तरी तुझ्या तोंडून वस्तूचं नाव निघालं. त्यात तुझा दोष थोडाच आहे. आणि माझ्याकडे बघ. साखळी वीतभर अंतरावर होती. पण हात मोकळे कुठे होते? वस्तू दुसऱ्याची, मोलाची, हा एकच विचार. ऐंशी वर्षांचं शहाणपण त्या क्षणी उपयोगी पडलं नाही. तुझी आई रोज सकाळी ह्याच पायरीवरून चालते, बाळ. तू तिला दिलीस ती वस्तू वाईट नाही. पण त्या वस्तूवर तू तुझी माया ठेवलीस, किंमत ठेवलीस, वर 'जपून हं' ठेवलंस. एवढं सगळं हातात घेऊन म्हाताऱ्या माणसाला चालता येत नाही. त्यांना वस्तू द्यावी तर अशी, की तोल गेला तर ती सोडून देताना मनाला क्षणभरही वाईट वाटू नये."

एका गुरूने असे घाटावर जाऊन जिवाशी खेळावे का, हा प्रश्न वाचकाने विचारला तर त्याला मी अडवणार नाही. मलाही तो पडतो. पण काही गोष्टी माणसाला सांगून कळत नाहीत, हेही तितकेच खरे.

चारुशीला तशीच त्या दुकानात गेली. पातळ टॅब तिने स्वतःसाठी ठेवला आणि तो जाडजूड मागितला. दुकानदार म्हणाला, "अहो ताई, आईसाठी हा?" ती म्हणाली, "आईसाठीच हा." आणि पैसे काढून ठेवले.

खरी अडचण पुढेच होती. आईला तो दिला तेव्हा आई खूश झाली, पण लगेच जुन्या आवरणात बसेना म्हणून नवे विणायला लोकर शोधू लागली. चारुशीला म्हणाली, "आई, आवरण नको. हा पडला तर पडू दे. तुझा तोल गेला तर सरळ सोडून दे."

"काहीतरीच काय बोलतेस! वस्तू का अशी टाकतात? लक्ष्मी असते ती."

बोलून उपयोग नाही, हे चारुशीलेला घाटावरच कळले होते. तिने तो टॅब कमरेच्या उंचीवरून आईसमोर फरशीवर सोडून दिला. खाडकन आवाज झाला. आईने किंचाळून डोळे मिटले. मग खाली वाकू लागली, तसे चारुशीलेने तिला धरले आणि स्वतः उचलून दिला. एका कोपऱ्याचे रबर जरा खरचटले होते, बाकी पडदा जसाच्या तसा होता. आईने त्याला कपाळ टेकून नमस्कार केला आणि लेकीवर डोळे वटारले.

"आता बघ," चारुशीला म्हणाली, "पहिला ओरखडा मीच पाडला. पुढचे तुझे. तू मला पाहिजेस, हा नको."

 आईने आवरण विणायचे सोडून दिले. काठी दाराजवळून पुन्हा हातात आली, आणि टॅब दुसऱ्या हाताच्या बोटांत, भाजीची पिशवी धरावी तसा बेफिकीर लटकू लागला. चारुशीलेची भीती तेवढ्याने गेली, असे मी म्हणणार नाही. अशी भीती जात नाही. चारुशीला सकाळी उठे, आईचा चेहरा पाही, आणि मनातल्या मनात विचारी, आज पाय धड पडतोय ना?

थंडी सुरू झाली. एका सकाळी दोघी बोलत होत्या. आई म्हणाली, "थांब, दूध उतू जातंय," आणि टॅब हातात घेऊनच लगबगीने निघाली. पडद्यावर खोली हलू लागली. दाराची चौकट दिसली, भिंतीचा एक तुकडा दिसला, आणि मग सगळे गरकन फिरले. धाडदिशी आवाज झाला. पडद्यावर छत होते, आणि छताच्या कोपऱ्यातले कोळ्याचे जाळे.

"आई!"

उत्तर नाही. दूध गॅसवर फसफसल्याचा आवाज तेवढा येत होता.

"आई! आई गं!"

 चारुशीलेला मोरी आठवली, ओले लुगडे आठवले, डॉक्टरांचे वाक्य आठवले. वहिनींना फोन लावायचा तर दुसरा फोन कुठे ठेवलाय ते सुचेना. छत तसेच होते. आईच्या आवाजाचा मागमूस नव्हता. गणिताच्या शिक्षिकेला त्या घडीला एक आणि एक किती, हेही सांगता आले नसते.

मग लांबून, धापा टाकत, आईचा आवाज आला. "ओरडू नकोस गं. ऐकू येतंय मला."

"पडलीस तू?"

"तोल गेला. मी चौकट धरलीय. काठी पण सुटली हातातून, आणि तो तुझा टॅबही गेला कुठेतरी खाली." जरा थांबून ती म्हणाली, "गेला तर गेला. आधी मी नीट उभी राहते, मग गॅस बंद करते. त्याला सगळ्यांत शेवटी उचलीन."

चारुशीलेला रडू फुटले. ते तिने तोंडावर पदर धरून आतल्या आत दाबले, कारण आईला आता घाई करायला लावायची नव्हती. पडद्यावर छत दिसत राहिले. दुधाचा आवाज थांबला. आईची सावकाश, एकेक पावलाची चाहूल येत राहिली. आणि कोळ्याच्या त्या जाळ्याकडे पाहत चारुशीला वाट पाहत बसली, आईला हवा तेवढा वेळ घेऊ देत.