केकवाली आणि उभा हत्ती

ऐका बरं का. नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात एक केकवाली राहत होती. दुकान-बिकान काही नव्हतं तिचं. परसात एक चूल, चुलीवर वाळू घातलेलं जाड बुडाचं पातेलं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. एवढ्या सामानावर ती असे केक भाजायची की तिसऱ्या घरातलं पोर झोपेतून उठून बसावं.

पण गाव तिला मानायचं ते चवीपेक्षा शब्दासाठी. तिच्या केकात अंडं नसायचं. दही, दूध, रवा, चिमूटभर सोडा आणि हात मोडेपर्यंत फेटणं, बस्स. गावात अंड्याला न शिवणारी मंडळी बरीच होती. कुणाच्या गळ्यात माळ, कुणाचं व्रत, तर कुणाला नुसतीच शिसारी. पण केकवालीच्या घरून ताटली आली की कुणी झाकण उचलून वास घेत बसत नसे. "हिच्या हातचं डोळे मिटून खावं," असं बायका म्हणायच्या. ते ऐकलं की तिला दिवसभर दुसरं काही नको असायचं.

शेजारी अण्णा राहायचे. देवळात पोथी वाचायचे, घरी एकटेच असायचे. गळ्यात तुळशीची माळ घालून त्यांना चाळीस वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं त्यांनी परक्या घरचा घास तोंडात घातला नव्हता. अपवाद फक्त केकवालीच्या घरचा. तरी दर वेळी ते विचारायचेच, "पोरी, चालेल ना मला?" ती म्हणायची, "चालेल अण्णा." मग ते खायचे. तिच्या 'चालेल'वर त्यांनी आपलं चाळीस वर्षांचं व्रत ठेवलं होतं म्हणा ना.

केकवालीला एक मुलगी होती, छबू. दोन वर्षांची व्हायला आली होती. अण्णांच्या पाठीवर बसून "हत्ती, हत्ती" करणं हा तिचा संध्याकाळचा उद्योग. अण्णांचे गुडघे कुरकुरायचे, पण फेरी काही चुकायची नाही.

आता झालं काय, पाटलीणबाईंच्या नातीचा वाढदिवस आला. हल्ली नुसत्या वाढदिवसाने भागत नाही, त्याला थीम लागते. पाटलीणबाईंनी फुलपाखरांची थीम केली. दाराला फुलपाखरं, पोरांच्या पाठीला कागदी पंख, अहो पुऱ्यासुद्धा फुलपाखराच्या आकाराच्या! नात बिचारी पंख टोचतात म्हणून सगळा वेळ भोकाड पसरून बसली होती, पण तिच्याकडे बघायला वेळ कुणाला? केक तीन मजली होता, शहरातून आणलेला. गाव आठवडाभर त्या तीन मजल्यांचंच बोलत होतं.

निघताना पाटलीणबाई केकवालीला म्हणाल्या, "बघितलास ना केक? तुझेही छानच असतात हो. पण बिनअंड्याच्या केकाला उंची कुठली? बसकाच राहतो बिचारा."

झालं! वर्मी घाव बसला. केकवालीने घरी येऊन पदर खोचला आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "छबूच्या वाढदिवसाला हत्तीची थीम. आणि केकही हत्तीच. चार पायांवर उभा!"

मग पंधरा दिवस घरात हत्तीशिवाय विषय नव्हता. भिंतीवर जुनी सुपं लावून त्यांचे कान केले. केळीच्या सोपटाच्या सोंडा केल्या. पाहुण्या पोरांसाठी पुठ्ठ्याचे कान कापले. खोबऱ्याच्या वड्या हत्तीच्या पावलांसारख्या थापल्या. छबूला त्यातलं एकच आवडलं. तिने पुठ्ठ्याचा एक कान पळवला आणि दोन दिवस तो चघळत बसली.

घोडं अडलं केकापाशी. पेल्यांत भाजून पाय केले, पातेल्यात भाजून अंग केलं आणि अंग पायांवर ठेवलं. पहिला हत्ती मागच्या पायांवर बसला. दुसरा तोंडावर आपटला. तिसरा उभा राहिला खरा, पण छबूने आनंदाने टाळी पिटली आणि तो आडवा झाला. दही-सोड्याचा केक तो, लुसलुशीत असतो, पण भार कुठला सोसायला?

नवऱ्याने तिन्ही हत्ती बिनतक्रार खाल्ले आणि म्हणाला, "मग बसलेलाच कर की! हत्ती कधी बसत नाही होय? छबूला सोंड दिसली म्हणजे झालं."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" ती फणकारली.

शहाणपण घरात चालून आलं होतं, तिने ते हाकलून दिलं. कारण हत्ती छबूसाठी राहिलाच नव्हता. तो पाटलीणबाईंसाठी होता.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी नवरा शेतावर गेल्याचं बघून केकवाली नदीपलीकडच्या वस्तीवर गेली आणि टोपलीभर अंडी घेऊन आली. वर मेथीची जुडी पसरली होती, कुणी बघू नये म्हणून. परसात बसून तिने एकेक अंडं पातेल्याच्या काठावर फोडलं. समोर छबू उकिडवी बसली होती. प्रत्येक 'टक्'ला ती खदखदून हसत होती. टरफलं केकवालीने केळीच्या बुंध्याशी पुरली, वरून माती सारली आणि वास मारायला वेलदोडा, जायफळ दुप्पट घातलं.

मनाला मात्र समजूत घालावी लागतेच. ती स्वतःशी म्हणाली, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. अण्णांना आणि माळवाल्यांना मी केक देणारच नाही." आणि खरंच तिने त्यांच्यासाठी बशीभर नानकटाई करून फडताळात ठेवली. माणूस असाच असतो हो. पाप करायला बसला की शेजारी पुण्याची वाटी मांडून ठेवतो.

वाढदिवसाला सगळं गाव लोटलं. हत्ती मधोमध उभा होता, ताठ. लोण्यात काळ्या तिळाची पूड घालून त्याला राखी रंग दिला होता, खोबऱ्याचे सुळे, नानकटाईचे कान. "अगं बाई, उभा आहे की गं!" बायका म्हणाल्या. केकवालीला आभाळ ठेंगणं झालं.

पाटलीणबाईंनी हत्तीभोवती दोन फेऱ्या मारल्या. वाकून त्याच्या पोटाखाली बघितलं. मग चारचौघींत विचारलं, "आणि यात अंडं नाही म्हणतेस?"

"माझ्या केकात कधी असतं का?" केकवाली हसून म्हणाली.

औक्षण झालं, केक कापला. आणि छबूने काय करावं? हत्तीच्या पायाचा मूठभर तुकडा उपटला आणि तुरुतुरु थेट अण्णांकडे गेली. "अन्ना, खा!"

अण्णांचा चेहरा फुलला. त्यांनी हात पुढे केला आणि रीतीप्रमाणे केकवालीकडे बघितलं. "पोरी, चालेल ना मला?"

फडताळ चार पावलांवर होतं. "थांबा अण्णा, तुमच्यासाठी नानकटाई ठेवलीय," एवढंच म्हणायचं होतं. पण पाटलीणबाई बघत होत्या. अण्णांना केक नाही म्हटलं तर त्या काय ते ओळखणार आणि उद्या गावभर करणार.  सगळं घर आपल्या उत्तराची वाट बघतंय असं केकवालीला वाटलं.

"चालेल अण्णा," ती म्हणाली.

अण्णांनी तो तुकडा मिटक्या मारत खाल्ला. अण्णांनीच खाल्ला म्हटल्यावर माळवाले, व्रतवाले सगळे पुढे सरसावले. केकवाली वाढत राहिली. दुसरं करणार तरी काय?

थोड्या वेळाने छबूने अण्णांचं बोट धरलं आणि त्यांना परसात ओढत नेलं. तिला तिची गंमत दाखवायची होती. केळीपाशी बसून तिने दोन्ही हातांनी माती उकरली आणि एक अर्धं टरफल अण्णांच्या तळहातावर ठेवलं. "आई टक्!" ती म्हणाली. "आई टक् टक् टक्!" आणि खदखदून हसली.

अण्णांनी टरफल उलटंपालटं करून बघितलं. मग त्यांनी मोरीवर जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, तिसऱ्यांदा भरली. आत येऊन ते केकवालीसमोर उभे राहिले. हातात टरफल तसंच होतं. 

"पोरी, मी विचारलं होतं तुला."

"अण्णा, एकाच दिवसापुरतं..." तिला रडू फुटलं. "हत्ती उभाच राहत नव्हता हो."

"मग बसला असता," अण्णा म्हणाले. "पोटात गेलं ते गेलं. त्याचं मी देवापुढे बघून घेईन, तो समजून घेईल. पण तू 'नको अण्णा' म्हणाली असतीस, तर मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून हसत घरी गेलो असतो. तेवढं एक म्हणायला तुला जड गेलं, याचं वाईट वाटतं."

त्यांनी टरफल कोनाड्यात ठेवलं आणि ते घरी गेले. त्यांच्यामागून एकेक जण उठला. सगळ्यात मोठ्याने थुंकल्या त्या पाटलीणबाई. त्यांच्या घरी रोज आम्लेट होतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण तेव्हा ते बोलायची सोय नव्हती.

भांडण कुणीच केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. गाव पहिल्यासारखंच हसून बोलत होतं. पण केकवाली ताटली घेऊन कुणाच्या दारात गेली की, "अगबाई, आज नेमका उपास गं माझा!" सोमवारी उपास, मंगळवारी उपास, बुधवारीसुद्धा उपास. त्या गावात तेव्हापासून आठवड्याचे सातही दिवस उपास पडू लागले.

अण्णांनी छबूवर राग काढला नाही. संध्याकाळी ते तिला पाठीवर घ्यायचे. पण केकवालीला 'पोरी' म्हणायचं त्यांनी सोडलं. "बाई, मुलीला आत घ्या, दव पडतंय," असं परक्यासारखं बोलायचे. 

वर्ष गेलं. छबू तीन वर्षांची झाली. या खेपेला केकवालीने थीम केली नाही, काही नाही. एक साधा गोल केक, दही-दुधाचा. भाजायच्या दिवशी तिने परसाचं दार सताड उघडं टाकलं आणि आळीतल्या बायकांना हात जोडून म्हणाली, "या ना, माझ्यासमोर बसा. काय घालते ते डोळ्यांनी बघा."

"इश्श, बघायचं काय त्यात? आमचा विश्वास आहे की तुझ्यावर," बायका म्हणाल्या. आणि एकही आली नाही.

संध्याकाळी मात्र सगळे आले. छबूला कुंकू लावलं, नवे कपडे दिले, गाल कुस्करले. आता छबू नीट बोलायला लागली होती. स्वतः ताटली घेऊन ती प्रत्येकापुढे गेली. "केक घ्या." कुणी म्हणालं, "घरी नेऊन खाईन हं." कुणी म्हणालं, "आत्ताच जेवलो, बाळा." कुणाचा उपास. ती अण्णांपाशी गेली.

केकवालीला राहवलं नाही. "अण्णा, छबूच्या गळ्याची शपथ. नाहीये हो यात काही."

"लेकराची शपथ घेऊ नका बाई," अण्णा हळूच म्हणाले. "असेल खरं. पण मला आता ठरवता येत नाही." आणि त्यांनी छबूच्या डोक्यावर हात ठेवला.

पाहुणे गेले. ताटली भरलेलीच होती. छबू ती घेऊन आईजवळ आली आणि विचारात पडल्यासारखी केकाकडे बघू लागली.

"आई, केक वाईट झालाय?"

"नाही गं राणी. छान झालाय. खा तू."

छबूने एक तुकडा उचलला. हुंगून बघितला. एकदा आईच्या तोंडाकडे बघितलं, एकदा पाहुणे गेले त्या दाराकडे बघितलं. मग तो तुकडा तिने अलगद ताटलीत परत ठेवला आणि फ्रॉकला हात पुसले.

तात्पर्य लहानांना सांगावं आणि मोठ्यांनी मुकाट ऐकावं: विश्वासाने विचारणाऱ्याला एकदा खोटं सांगितलं, की पुढे आपलं खरंही कुणी घेत नाही, पोटचं पोरसुद्धा नाही.